परतीचा दोरा

माझ्या आईला मुलगा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण चिंचणीपासून पालघरपर्यंत अजून अशी माणसं भेटतात जी हळहळत म्हणतात, "तुमचा भाऊ चीनच्या लढाईत गेला, नाही का?" मला भाऊच नव्हता म्हटलं, तर म्हातारपणी माझी आठवण गेली असावी अशा नजरेनं ती माझ्याकडे बघतात. परवा एका शाळेतल्या तरुण मास्तरांनी तर भिंतीवर लावायला भावाचा फोटो मागितला. त्यांच्यावर मी इतकी ओरडले की बिचारे चहा न घेताच उठले. त्यांची काही चूक नव्हती. ज्यांची होती ते आता हयात नाहीत, आणि मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

तारापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, आमची लहानशी वाडी. थोडे माड, केळी, एका अंगाला पानवेल, मधे विहीर आणि तिच्यावर रहाट. वडील मी परकरात असतानाच गेले. वाडी आईनं एकटीनं चालवली. सकाळी रहाट करकरायला लागला की मला जाग यायची. आता विहिरीवर पंप आहे, बटण दाबलं की पाणी. पण त्या पंपाच्या घरघरीत माझी झोप कधी हलकी झाली नाही. तेव्हा मात्र रहाट थांबला की त्या शांततेनंही मी दचकून जागी व्हायची, आई कुठं गेली म्हणून. ती कुठं जाणार? पाटाचं पाणी पानवेलीकडे वळवत असायची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून.

मी लग्न होऊन गेले आणि वर्षाच्या आत माघारी आले. का आले ते इथं सांगायचं कारण नाही. आल्यावर वाडीतली वांगी आणि दुधी टोपलीत घालून बोईसर स्टेशनबाहेर जाऊन बसले. पहिल्या दिवशी भाव सांगायला तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईनं माझं गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांदेखत ओढून नेलं, तेव्हा लाज गेली ती कायमची. पुढं लोक म्हणायला लागले, हिच्याशी भाव करण्यापेक्षा वांगी न खाल्लेली बरी. टोपलीची बैलगाडी झाली, बैलगाडीचं दुकान झालं. हे सगळं कोणाच्या मेहेरबानीवर झालं नाही, हेही सांगून टाकते.

घरात मला नाव नव्हतं. आई "पोरी" म्हणायची. "पोरी, दोर धर." "पोरी, आज केळीला भाव काय?" शेजारणींना सांगताना "माजी पोर." एवढं लक्षात ठेवा, पुढं सगळं त्या एका शब्दावर आलं.

आमच्या आळीत तेव्हा एक रीत होती. कोणाकडे सोनं पुरेसं नसायचं, पण आळीत मिळून एका नवरीपुरतं असायचंच. लग्न निघालं की नवरीची आई घरोघर जायची. कोणाची पाटली, कोणाची एकदाणी, कोणाच्या कुड्या. देणारी बाई दागिन्याला दोरा बांधून द्यायची. प्रत्येक घराचा दोरा ठरलेला. कोणाचा लाल, कोणाचा हळदीत बुडवलेला, आमचा हिरवा आणि त्याला तीन गाठी. नवरी ते सगळे दोरे मिरवत मांडवात उभी राहायची आणि कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट बायका दोरे ओळखायच्या, "ही बघ आपली पाटली, कशी दिसतेय!" लग्नानंतर पूजा झाली की नवरीची आई दागिना परत आणायची, ओंजळभर तांदूळ आणि गुळाचा खडा घेऊन. घरची बाई तो दोरा दातानं तोडायची आणि तुळशीत टाकायची. त्याला परतीचा दोरा म्हणत. दोरा असेपर्यंत वस्तू दिलेली नाही, नुसती बाहेर गेलेली आहे. हे कोणी कोणाला समजावून सांगत नसे. जसं पाणी उताराकडे जातं तसं ते आळीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

आईच्या हातात दोन पाटल्या होत्या, एकेका हातात एक. मागायला आलं कोणी, तर ती एकच द्यायची. म्हणायची, "जोडीतली एक घरात असली का दुसरी वाट विसरत नाय." त्या पाटल्या पुढं माझ्या, हे मी माघारी आले त्याच दिवशी तिनं सांगितलं होतं. सासरी माझं काही राहिलं नव्हतं, म्हणून सांगितलं असेल.

बासष्ट साली दिवाळीच्या तोंडावर, भाताची कापणी चालू असताना लढाईच्या बातम्या यायला लागल्या. रेडिओ होता तो आमच्या पुढाऱ्यांच्या घरी. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, मीही तेच म्हणते. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर माणसं दाटीनं बसायची. बर्फ म्हणजे काय हे आमच्यातल्या कोणाला माहीत नव्हतं. आमच्याकडे माघात सकाळी जरा गार वारा सुटला की बायका डोक्यावरून पदर घेतात, तेवढीच आमची थंडी. तरी त्या दिवसांत प्रत्येक घरात त्या बर्फातल्या पोरांची काळजी होती, आणि ती खरी होती. आमच्या शेजारणीनं पाव शेर सुकट फडक्यात बांधून भाऊंकडे नेऊन दिलं, जवानांना पाठवा म्हणून. आज हसायला येतं, पण तेव्हा ती रडत होती.

मग मारुतीच्या देवळापुढं सभा झाली. भाऊ बोलायला उभे राहिले. बोलायचे मात्र सुंदर, हे शत्रूलाही मान्य करावं लागेल. म्हणाले, "आया-बहिणींनो, देशाच्या घरावर वेळ आली आहे. अंगावरचं सोनं द्या."

घरावर वेळ आली आहे, सोनं द्या. आईनं हे आयुष्यभर ऐकलं होतं. ती घरी आली, मनगटाला खोबरेल चोळलं आणि डाव्या हातातली पाटली काढली. फडताळातून हिरव्या दोऱ्याचं रीळ काढलं.

मी म्हटलं, "आये, ही माझी ना?"

"तुजीच हाय. जाते नि येते."

"देशाकडून परत कोण आणणार?"

"ज्यानं मागितली तो. मी काय दिल्लीला ओळखतंय?"

दुसऱ्या दिवशी टेबल मांडलं होतं. बायका रांगेनं जात होत्या. आईच्या पुढच्या दोघीतिघींनीही दोरे बांधले होते, कोणाचा लाल, कोणाचा पिवळा. आईची पाटली भाऊंनी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "आजी, हा दोरा कसला?"

आई म्हणाली, "वळखीला."

भाऊंनी पाटली उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी. "बघा! या माउलीनं आपल्या जवानांना राखी बांधली आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आईनंही टाळ्या वाजवल्या. कोणाचं तरी कौतुक चाललंय, एवढंच तिला कळलं होतं.

लढाई महिनाभरातच थांबली. कशी थांबली, आपलं काय काय गेलं, याची चर्चा ओटीवर पुष्कळ झाली. आईनं त्यातलं एकच वाक्य उचललं, लढाई सरली. मग ती तांदूळ-गुळाची वाट बघायला लागली. होळी झाली. आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या. एके सकाळी ती पानांची टोपली उतरवून सरळ भाऊंच्या ओटीवर गेली. मी बरोबर होते.

"भाऊ, कार्य उरकलं ना?"

"कसलं कार्य, आजी?"

"लढाईचं. माजी पाटली यायची हाय."

भाऊ आधी हसले. मग ही चेष्टा नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "आजी, देशाला दिलेलं परत मागायचं नसतं. ते दान असतं."

"तुमी दान म्हनला नाय. तुमी म्हनला, द्या." आईचा आवाज चढला नव्हता. "दान असतं तर मी दोरा कशाला बांदीन? देवीला खण वाहतंय तवा दोरा बांदतंय का?"

सोनं सरकारात जमा झालं होतं, आणि ते त्यांनी इमानानं पोचवलं होतं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. मागून कोणी कोणी वाईटसाईट बोललं, पण भाऊंनी गुंजभर सोनं खाल्लं नाही. त्यांनी खाल्लं ते दुसरंच.

पासष्टची लढाई आली तेव्हा माझं दुकान उभं राहिलं होतं. तारापूरला वीज केंद्राचं काम सुरू झालं होतं. खडीचे ट्रक दिवसभर धूळ उडवत जायचे. साताऱ्याकडची, खानदेशातली माणसं कामाला आली होती, शिवाय कुठली कुठली हिंदी बोलणारी. "भाभी, ठीक बोलो," म्हणत माझ्या भेंड्या निवडायची. मी हिंदी शिकले ती भांडता भांडता, म्हणून मला हिंदीत गोड काही बोलताच येत नाही. त्या दिवसांत देशाचं धान्य वाचावं म्हणून सोमवारी संध्याकाळी चूल पेटवायची नाही असं ठरलं होतं. आम्ही मायलेकी ओट्यावर शहाळं पिऊन बसायचो. कंदिलाला काळा कागद लावलेला. समुद्राकडून विमान आलं तर उजेड दिसू नये म्हणून. आई म्हणायची, "विमानवाला आपली वाडी बगायला येतंय व्हय?" तरी कागद तीच रोज नीट लावायची. किती अंधार होता तो, आणि त्यात आम्ही किती निवांत होतो! गाव, परगाव, कामगार, सगळेच त्या सोमवारी उपाशी आहेत, ही भावना फार मोठी होती. तसं एकत्र उपाशी राहणं पुन्हा वाट्याला आलं नाही.

अशातच माल घेऊन पालघरला गेले होते, तर स्टेशनजवळ भाऊंची सभा लागली होती. मी गर्दीच्या कडेला उभी राहिले. भाऊ सांगत होते, "आमच्या भागातली एक गरीब विधवा. तिचा एकुलता एक मुलगा सीमेवर. सुनेसाठी जपून ठेवलेली सोन्याची पाटली तिनं..." मला वाटलं, असेल कोणी दुसरी. मग त्यांनी हिरवा दोरा सांगितला. तीन गाठीसुद्धा.

सभा संपताच मी त्यांना गाठलं. "भाऊ, हा मुलगा कुठून आणलात?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "बाई, गोष्टीत थोडं मीठ घालावं लागतं."

"मीठ घाला ना. पोरगा कशाला घालता?"

"अहो, लोक गहिवरतात. लढाई चालू आहे. कोणाचं नुकसान झालं त्यात?"

"माझं झालं. ती पाटली सुनेची नव्हती, माझी होती. आईला पोर हाय, ती मी. मला घाला की गोष्टीत."

भाऊ हसले. वाईट हसले नाहीत, समजावल्यासारखं हसले, आणि तेच मला जास्त झोंबलं. "भाजीवाल्या मुलीवर कोणाला रडू येईल, सांगा बरं?" मग लगेच म्हणाले, "तिकडं वीज केंद्राच्या वसाहतीतल्या मेसला भाजी लागते ना? मी शब्द टाकतो तुमच्यासाठी."

"शब्द टाकू नका," मी म्हटलं. "टाकलाय तो परत घ्या."

मेसची भाजी मी नंतर माझ्या पायांनी जाऊन मिळवली, ठेकेदाराशी तीन वेळा भांडून. पण ते वाक्य आजही कानात आहे. उन्हात बसून, धूळ खाऊन, पायाला भेगा पडेपर्यंत जिनं आईला सांभाळलं ती गोष्टीत बसत नाही, आणि जो जन्मलाच नाही तो बसतो!

माझ्या दुकानात साताऱ्याकडची एक बाई यायची. नवरा वीज केंद्राच्या कामावर होता. भाव करण्यात माझ्या तोडीची तीच. वांग्याच्या एका वाट्यासाठी ती मला अर्धा तास खिळवून ठेवायची. "आवं ताई, ही वांगी हाय का गोट्या?" "गोट्या वाटत असतील तर खेळायला न्या." असं आमचं चालायचं आणि मला ती मनापासून आवडायची. एक दिवस ती आली, मी सांगितला तो भाव तिनं निमूट दिला. मी नोट हातात धरून बघतच राहिले.

"आज बरं नाही का तुम्हाला?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "काल सभंत ऐकलं. तुमचा भाऊ लडाईत गेला म्हनं. मला ठावंच न्हवतं वो."

म्हणजे आता भाऊंनी त्या पोराला मारलंही होतं.

माझं डोकं फिरलं. "मला भाऊ नाही! नव्हता! कधीच नव्हता! घ्या तुमचे पैसे, आणि भाव करा!"

तिनं पैसे घेतले नाहीत. पिशवी उचलली. "मला व्हता," एवढंच म्हणाली आणि गेली.

नंतर थोडं थोडं कळत गेलं. तिचा धाकटा भाऊ बासष्टमध्ये फौजेत, तिकडं वर बर्फात होता. बेपत्ता म्हणून तार आली, त्यापुढं काही नाही. तिला कोणी कधी स्टेजवर बोलावलं नव्हतं. तिच्या भावाच्या गोष्टीला शेवट नव्हता, आणि सभेला शेवट लागतो.

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती पानं निवडत होती. हात थांबले.

"किती वर्सांचा म्हनतो त्याला?"

"पंचवीस."

"म्हंजे तुज्या आदीचा," आई म्हणाली. पुन्हा पानं निवडत विचारलं, "शिकला किती म्हनं?"

मी तिच्यावर ओरडले. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. मुलगा नाही म्हणून या बाईनं जन्मभर टोमणे ऐकले होते. सासूचे, जावांचे, वडील गेल्यावर दिरांचे तर वाडीपायी. आता सगळा तालुका तिला वीराची आई म्हणतोय. तिला तो पोरगा गोड वाटायला लागला तर? मग मी कोण?

सदुसष्टच्या निवडणुका जवळ आल्या. भाऊ उभे नव्हते, पण ज्यांना उभं केलं होतं त्यांच्या सभा भाऊच रंगवायचे. बोईसरच्या मैदानावर मोठी सभा ठरली, आणि आईला न्यायला जीप आली. वीरमातेचा सत्कार. कार्यकर्ता दारात उभा, "आजी, चला." आईनं ठेवणीतलं लुगडं नेसायला घेतलं.

मी तिच्यापुढं उभी राहिले. "आये, गेलीस तर वर चढून सांग. मला पोरगा नाय, पोर हाय. एवढं सांग. नाहीतर जाऊ नको."

"मी काय सांगायचं ता मला ठावं हाय."

"काय सांगणार?"

"तुजा धंदा तुला ठावं, माजा मला."

मीही जीपमध्ये मागं चढले. कुंभवलीची शेतं गेली, नुसते भाताचे खुंट उरले होते. जीपच्या पुढच्या बाजूला बसलेली आई मला मागून दिसत होती. तिचा डावा हात मोकळा, उजव्या हातातली पाटली उन्हात चकाकत होती.

मैदान भरलं होतं. बायकांच्या बाजूला सातारकरीण दिसली, तिनं सरकून मला जागा दिली. भाऊंनी गोष्ट सांगितली. आता तिच्यात बर्फ होता, शेवटची गोळी होती, आईला लिहिलेलं पत्र होतं. माझ्या आईला लिहायवाचायला येत नव्हतं, पण त्याचं काय! बायका डोळे पुसत होत्या. आईला वर नेलं, खांद्यावर लोकरी शाल घातली, हातात नारळ दिला. भाऊ म्हणाले, "आजी दोन शब्द बोलतील," आणि माईक तिच्या तोंडापुढं धरला.

आईनं नारळ काखेत धरला. मोकळा हात पुढं केला. कर्ण्यातून तिचा आवाज खरखरत आला.

"पाटली माज्या पोरीची हाय. लढाई कवाच सरली. आता परत द्या."

बस्स. मला उठून नाचावंसं वाटलं. तिनं सांगितलं होतं! इतक्या माणसांत, कर्ण्यातून, माज्या पोरीची!

भाऊंनी माईक काढून घेतला. त्यांचं डोकं किती वेगानं चाललं असेल, ते मला, धंदेवाल्या बाईला, बरोबर कळलं. मग त्यांचा आवाज भरून आला.

"ऐकलंत? 'माझ्या पोराची' म्हणते ही माउली! आणि काय मागते? 'परत द्या!' कोणाला? सोन्याला? नाही! आपल्या पोराला परत मागते आहे ती! आपल्यापैकी कोणात आहे का ताकद, या आईला तिचा मुलगा परत द्यायची?"

सगळं मैदान हुंदक्यावर आलं.

मी उभी राहिले. "पोरीची! पोरीची म्हणाली ती! खोटं बोलतोय हा माणूस!" माझा आवाज बाजारात कमावलेला, पण कर्ण्यापुढं त्याचं काय चालणार? मागून कोणी तरी पदर ओढला, "ओ बाई, बसा खाली. म्हातारी रडतेय तिकडं आणि तुमचं काय?" आई रडत नव्हती. हात तसाच पुढं धरून उभी होती. दुरून तो आशीर्वादाला उचलल्यासारखा दिसत होता. फोटोही तसाच निघाला.

एका वेलांटीचा त्यांनी काना केला आणि मला पुसून टाकलं.

मी खाली बसले. रागानं मला काही दिसत नव्हतं. तेव्हा शेजारून सातारकरीण हळूच म्हणाली, "पोरीची म्हनल्या त्या. म्या ऐकलं."

तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. पण ते भाऊंच्या गोष्टीचं नव्हतं.

परत यायला जीप मिळाली नाही. आम्ही बैलगाडीनं आलो. वाटेत मी भाऊंच्या सात पिढ्या उद्धरत होते. आई बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "तो काय करील? त्याला पाटली परत आनता येत नाय, म्हनून बोलतंय." आणि माझ्याकडे वळून, "तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग झालं."

झालं नव्हतं. माझं तर अजून झालेलं नाही. शालीचं मात्र चांगलं झालं. आमच्या हवेत लोकरी शालीचा काय उपयोग? आईनं ती केळी पिकत घालायला घेतली. घडांवर टाकली की भट्टीसारखी ऊब धरायची. त्या वर्षी आमच्या केळ्यांसारखी पिवळीधमक केळी बाजारात कोणाची नव्हती.

पुढच्या रविवारी सातारकरीण वाडीत आली, नारळ घ्यायला म्हणून. नारळ तर माझ्या दुकानातही होते. आई रहाटापाशी बसली होती. ही तिच्या जवळ जाऊन बसली, जरा वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग विचारलं, "आजी, तुमचा त्यो परतीचा दोरा... मानसाला बांधत्यात का वो?"

"नाय," आई म्हणाली. "सोन्याला बांदतंय. मानूस काय मागून नेतात?"

आईनं तिच्याकडे नीट बघितलं. तिच्या भावाचं मी आईला सगळं सांगितलेलं होतं.

"तुज्या आयेकडं त्याचं काय हाय?"

"वहाना हाईत. आई उंबऱ्यापाशी ठिवती अजून. कुनाला हलवू देत न्हाई."

आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू घरात गेली आणि रीळ घेऊन आली. दोरा हातभर तोडला. "जाताना बांदायचा राहिला," ती म्हणाली. "आता मागं राहिलंय त्याला बांद. जोडीतल्या एकीला. तीन गाठी मार. नि तुज्या आयेला सांग, तोडायचा नाय. त्याचा तो तोडील."

सातारकरणीनं तो दोरा पदराच्या टोकाला बांधला. रहाटाच्या माळेतलं पाणी ठिबकत होतं. कोणी रडलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी तिच्या पिशवीत नारळ घातले. पैसे मी मागितले नाहीत, तिनं काढलेही नाहीत. आमच्या दोघींच्या व्यवहारात असं एकदाच झालं. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तिनं मला शेवग्याच्या शेंगांवरून पुन्हा घाम फोडला.

त्या दिवशी ती गेल्यावर आईनं रिळावरचा आणखी एक तुकडा काढला आणि मला जवळ बोलावलं. उजवा हात पुढं केला. "बांद." मी तिच्या उरलेल्या पाटलीला हिरवा दोरा बांधला, तीन गाठी मारून. तो विटला की ती नवा बांधून घ्यायची, माझ्याच हातून. शेवटपर्यंत.

आता ती पाटली माझ्या हातात आहे. पालघरला सोनाराकडे गेले की तो दर वेळी म्हणतो, "बाई, एक पाटली शोभत नाही. दोरा काढून द्या, हुबेहूब जोड करून देतो." त्याच्या बापाशीही माझं याच्यावरून भांडण झालं होतं.

मी त्याला सांगते, जोड आहे. बाहेर गेली आहे.